चारही चाकं ओढणारी घरची गाडी: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण ऑल-व्हील-ड्राइव्ह फॅमिली गाड्यांवर दोन पानं दिली होती, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी सदर पूर्ण त्यालाच देतोय. बहुतेकांचा सूर एकच, कुठली गाडी जास्त टिकते, कुठली कंपनी भरवशाची. मला विचाराल तर दहा वर्षं झालेल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत कंपनीचं नाव मी तिसऱ्या नंबरला बघतो. पहिल्या नंबरला मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) आणि कपलिंगचं (गरजेप्रमाणे मागे ताकद जोडणारा क्लच) ऑइल शेवटचं कधी बदललं ते, आणि दुसऱ्या नंबरला चारही टायर एका वयाचे आहेत का ते. या दोन गोष्टींची उत्तरं नीट मिळाली तर गाडी सहसा चांगली निघते. चला, प्रश्नांकडे.

प्रश्न: दादा, आमची २०१५ ची रेनो डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, पहिल्यापासून आमच्याकडेच, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत आणि इंजिन अजून एकदम मस्त आहे. पुढचे दोन टायर संपले, मागचे अर्धे शिल्लक आहेत. टायरवाला म्हणतो दोनच टाका, तुम्ही लिहिलं होतं चारही टाका. एवढा खर्च खरंच गरजेचा आहे का? (सहकारनगर)

उत्तर: गरजेचा आहे, आणि का ते आकड्यांनीच दाखवतो म्हणजे टायरवाल्याशी बोलताना तुम्हाला अडचण नको. तुमच्या गाडीचा टायर २१५/६५ आर १६, म्हणजे नव्या टायरचा घेर साधारण २ मीटर १५ सेंटिमीटर. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटरच्या आसपास खोल असते, तुमच्या मागच्यांना ४ उरली असेल असं धरू. ४ मिलिमीटरचा फरक त्रिज्येत म्हणजे घेरात २५ मिलिमीटर, म्हणजे मागचं चाक दर किलोमीटरला पुढच्यापेक्षा साडेपाच फेऱ्या जास्त फिरणार. पुण्याहून महाबळेश्वरला जाईपर्यंत साडेसहाशेच्या वर जादा फेऱ्या झाल्या. साध्या टू-व्हील-ड्राइव्ह गाडीत याने काही बिघडत नाही कारण पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडलेलीच नसतात. तुमच्यात जोडलेली आहेत, मधे ताकद मागे नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट आहे आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी इलेक्ट्रोमॅग्नेटिक कपलिंग आहे, निसानकडून आलेली सिस्टीम आहे ती. ऑटो मोडमध्ये कॉम्प्युटर चाकांच्या वेगातला फरक बघून ठरवतो की चाक घसरतंय, आता मागे ताकद पाठवा. आता घसरत काहीच नाहीये, नुसता टायर लहान आहे, पण ते त्या बिचाऱ्याला कसं कळणार, तो कपलिंगच्या प्लेटा आवळत सोडत राहतो, त्या तापतात, आणि टायरमध्ये वाचवलेले पैसे कपलिंगमध्ये जातात, तेही कितीतरी पटीने.

परदेशात सुबारू कंपनी याबाबतीत फार कडक आहे, त्यांच्याकडे चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही असा नियम आहे, म्हणजे नक्षीत जेमतेम १ मिलिमीटर. तिकडे एक टायर कापला गेला तर नवा टायर मशिनवर घासून जुन्यांच्या मापाचा करून मिळतो. आपल्याकडे ती सोय सहज मिळत नाही म्हणून आपल्याला रोटेशनच करायला हवं, दर १० हजार किलोमीटरला पुढचे मागे मागचे पुढे, न चुकता, आणि स्टेपनी त्याच मापाची आणि त्याच कंपनीची असेल तर तीही फिरवा. मग चारही एकत्र संपतात आणि चार घ्यायचं दुःखही होत नाही कारण तेवढे किलोमीटर वसूल झालेले असतात.

या महिन्यात चार जमतच नसतील तर दोन टाका, पण मधला गोल खटका टू-व्हील-ड्राइव्हवर ठेवा आणि मागचे दोन बदलेपर्यंत ऑटोवर आणू नका. आणि हो, तुमच्या दीड लिटर डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारा पट्टा) आहे, चेन नाही. तो कधी बदललाय ते पत्रात लिहिलेलं नाही. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेत, जे आधी येईल ते धरायचं. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, मग इंजिन मस्त असून उपयोग नाही.

प्रश्न: स्कोडा यती फोर बाय फोर, २०१२, सेकंड ओनर. मागच्या बाजूचं ऑइल बदला म्हणून मी सर्व्हिस सेंटरला सांगितलं तर ॲडव्हायझर म्हणाला ते लाइफटाइम असतं, हात लावू नका. मग तुमचं खरं का त्याचं? (बाणेर)

उत्तर: लाइफटाइम म्हणजे कुणाचा लाइफटाइम हे त्याला विचारा. वॉरंटी संपेपर्यंतचा असेल तर तो बरोबर बोलतोय.

यतीमध्ये हाल्डेक्सची चौथ्या पिढीची कपलिंग आहे. हाल्डेक्स ही मूळची स्वीडनची कंपनी, २०११ साली तिचा हा धंदा बोर्गवॉर्नरने घेतला. आत ओल्या क्लच प्लेटा असतात, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, आणि एक छोटा इलेक्ट्रिक पंप ऑइलचं प्रेशर तयार करून त्या प्लेटा दाबतो, तेव्हा मागच्या चाकांना ताकद जाते. प्लेटा घासल्या की त्याची बारीक भुकटी ऑइलमध्ये येणार, त्याला इलाजच नाही. ती भुकटी फिल्टरमध्ये साचते, मग पंप जोर लावून लावून दमतो आणि एक दिवस जळतो. गंमत अशी की गाडी तरीही छान चालत राहते, पुढच्या चाकांवर, कोरड्या रस्त्यावर ड्रायव्हरला काही कळतच नाही, अनेक मालक वर्षानुवर्षं टू-व्हील-ड्राइव्ह गाडी फोर बाय फोर समजून चालवतात आणि कळतं कधी तर मनालीच्या वर बर्फात.

म्हणून ६० हजार किलोमीटर किंवा साधारण तीन वर्षं, जे आधी होईल ते धरून कपलिंगचं ऑइल बदला आणि फिल्टरही बदलून घ्या. लक्षात घ्या, कपलिंगचं ऑइल वेगळं आणि मागच्या डिफचं, म्हणजे डिफरन्शियलचं, वेगळं, दोन्हींचे नटही वेगळे, आणि पुढे गिअरबॉक्सच्या बाजूला ताकद मागे वळवणारा अँगल ड्राइव्ह असतो त्याचं तिसरं. एकात दुसऱ्याचं ऑइल घातलं की प्लेटा संपल्या. त्यामुळे हे काम ज्याने आधी केलंय अशाच फिटरकडे द्या, तो कपलिंगच्या ऑइलचा डबा समोर फोडून दाखवेल, नंबर जुळवून बघा. ही गाडी आपल्याच शेंद्र्याच्या प्लांटात जोडली जायची, जुने जाणकार फिटर पुण्यात आणि संभाजीनगरला दोन्हीकडे सापडतात.

चालू आहे की नाही हे बघायचं असेल तर लिफ्टवर चारही चाकं अधांतरी करून बघतात, किंवा स्कॅनर लावून कपलिंगच्या मॉड्यूलमध्ये एरर आहे का बघतात. इंजिनचा लाइट पेटलेला नाही म्हणून सगळं ठीक असं धरू नका.

प्रश्न: आम्ही दोघं आणि दोन लहान मुलं, सिंहगड रोडला राहतो. मिस्टरांना ऑल-व्हील-ड्राइव्हच हवी आहे, म्हणतात पावसाळ्यात घाटात सेफ असते. आमचं जाणं म्हणजे वर्षातून चार वेळा कोकण आणि एरवी ऑफिस शाळा. खरंच हवी का?

उत्तर: ताई, तुम्ही सांगितलंय तेवढ्या वापराला नको. आणि सेफच्या मुद्द्यावर तर नीट बोलायलाच हवं कारण हा गैरसमज मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला पुढे ओढायला मदत करते. ब्रेक मारल्यावर थांबायला ती काडीची मदत करत नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ताम्हिणीत वळणावर पाणी साचलंय, तुम्ही ७० ने आलात आणि टायर पाण्यावर तरंगायला लागला, तर चार चाकांना ताकद असली काय आणि दोनला असली काय, गाडी सरळच जाणार. तिथे उपयोग टायरच्या नक्षीचा, हवेच्या प्रेशरचा आणि वेग कमी ठेवण्याचा. उलट ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये चिखलात निघताना गाडी घसरत नाही, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला उशिरा कळतं. त्यापेक्षा ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा), सहा एअरबॅग आणि चांगले टायर यावर पैसे लावा. जूनच्या आधी टायर बघायचे, नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली आली असेल तर कायदा चालवतो म्हणून चालवायचे नाहीत, बदलायचे.

मग ही गाडी घ्यायची कुणी? ज्यांचं मुळशी, भोर, वेल्ह्याकडे शेत किंवा घर आहे आणि शेवटचा एक दीड किलोमीटर लाल मातीचा चढ आहे त्यांनी. ज्यांना दरवर्षी स्पिती लडाखला स्वतःची गाडी घेऊन जायचंय त्यांनी. अशा घरात ती चार महिने पावसाळ्यात रोज कामाला येते आणि तेव्हा तिची देखभालही मनापासून केली जाते. ज्या घरात बटण कधी फिरवलंच जात नाही तिथे ऑइलही कुणी बदलत नाही, आणि वजन आणि डिझेलचा जादा खर्च मात्र रोजचा. मिस्टरांना हे वाचायला द्या.

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत बफेलोला असते, तिला बाळ झालंय आणि जुनी सुबारू आउटबॅक घ्यायची आहे. दोन बघून ठेवल्यात, एक २०१२ ची आणि एक २०१६ ची, दोन्ही अडीच लिटर. तिथले लोक म्हणतात सुबारू कधी मरत नाही, आणि दुसरे म्हणतात हेड गॅस्केट जातं. आम्हाला इथे बसून काही कळत नाही. (कोथरूड)

उत्तर: काकू, दोन्ही लोक खरं सांगतायत, फक्त वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांबद्दल. मुलीला हे सगळं पाठवा.

आउटबॅक म्हणजे खरीखुरी स्टेशन वॅगन, लांब डिकीची, जमिनीपासून थोडी उचललेली. सुबारूने १९७२ मध्येच जपानात लिओनी वॅगनला फोर-व्हील-ड्राइव्ह दिलं होतं, आणि आउटबॅक नाव १९९० च्या दशकाच्या मध्यात आलं. इंजिन बॉक्सर पद्धतीचं, म्हणजे सिलिंडर उभे नसून दोन बाजूंना आडवे झोपलेले. याने गाडीचं वजन खाली राहतं, रस्ता छान धरते, पण एक तोटा आहे. सिलिंडर आडवे म्हणून इंजिनाचं हेडही बाजूला असतं आणि ऑइल व कूलंट गॅस्केटच्या, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलच्या, खालच्या कडेला कायम टेकून बसतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या अडीच लिटरमध्ये गॅस्केट आतून फुटायचं आणि गाडी गरम व्हायची, त्यानंतरच्या इंजिनात बाहेरून झिरपायला लागलं. हे इंजिन आउटबॅकमध्ये २०१२ पर्यंत होतं. म्हणजे तुमची पहिली गाडी त्या जुन्या कुटुंबातली शेवटची. त्यात टायमिंग बेल्ट आहे, १ लाख ५ हजार मैलांना बदलायचा असतो, आणि शहाणा मेकॅनिक त्याचबरोबर वॉटर पंप आणि आयडलर बेअरिंगही बदलतो. त्याचं बिल हातात नसेल तर बदललेलाच नाही असं समजून भाव करायचा. गॅस्केट बघायचं तर गाडी लिफ्टवर घेऊन इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हेड आणि ब्लॉक जुळतात तिथे खालच्या कडेला ओल आहे का बघायचं, कूलंटच्या बाटलीत लेव्हल बघायची, आणि गाडी बराच वेळ उभ्याने चालू ठेवून टेंपरेचर वर जातंय का बघायचं.

२०१३ पासून नवीन इंजिन आलं, टायमिंग चेनचं, गॅस्केटची ती जुनी कटकट संपली. पण सुरुवातीच्या वर्षांत ते ऑइल प्यायला लागलं, २०१३ च्या आउटबॅकसकट काही मॉडेलांसाठी तिथे कोर्टात सेटलमेंट होऊन कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. २०१६ ची त्यातून बाहेर आहे. तिचं दुसरंच एक दुखणं आहे, गाडी उभी असताना बॅटरी उतरते, २०१५ ते २०२० च्या आउटबॅक त्या वेगळ्या सेटलमेंटमध्ये होत्या. पण बॅटरी बदलणं आणि इंजिन उघडणं यात कुठलं परवडतं हे सांगायला नको. मी मुलीच्या जागी असतो तर २०१६ ची घेतली असती.

गिअरबॉक्स बघायचा राहिला. बहुधा दोन्हींत सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल, त्या काळातल्या बऱ्याच सीव्हीटींना कंपनीने १० वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वॉरंटी वाढवून दिली होती, ती आता वर्षांनीच बहुधा संपली असेल. अमेरिकेतल्या वेळापत्रकात सीव्हीटीचं ऑइल नुसतं तपासा असं लिहिलेलं असतं, बदला असं नाही, आणि इथेच आपल्या बाणेरच्या वाचकांचा लाइफटाइम ऑइलचा प्रश्न पुन्हा येतो. मागच्या मालकाने बदललेलं असेल आणि बिल दाखवत असेल तर ती गाडी हजार डॉलर महाग असली तरी घ्यावी. चालवताना सिग्नलला थांबताना झटका बसतो का, चढावर थरथरते का बघावं. मग एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवावी, चाकं अडखळत उड्या मारल्यासारखी चालली तर पुढच्या मागच्या चाकांमधला क्लच अडकतोय, ती गाडी सोडून द्यायची.

आणि बफेलो म्हणजे एरी सरोवरावरून येणारा बर्फ, आणि बर्फ म्हटलं की रस्त्यावर मीठ. तिथे गाड्या इंजिनाने कमी मरतात, गंजाने जास्त. खालून सबफ्रेम, ब्रेकच्या नळ्या, मागच्या चाकांच्या कमानी टॉर्च लावून बघायला सांगा. डीलरकडून घ्या किंवा घरमालकाकडून घ्या, विकत घेण्याआधी बाहेरच्या मेकॅनिककडून तपासणी केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि बर्फाचे टायर चारही चाकांना, दोनच नाही. वर डस्टरला दिलेलं उत्तर तिलाही लागू आहे, तिकडे तर जास्तच, कारण सुबारूत चारही चाकं कायम जोडलेली असतात, आपल्यासारखा टू-व्हीलचा खटका नसतो. बाळाला आमचे आशीर्वाद.

प्रश्न: सेकंड हँड टाटा हेक्सा फोर बाय फोर की महिंद्रा एक्सयूव्ही ५०० ऑल-व्हील-ड्राइव्ह? घरात सात माणसं, गाव पानशेतच्या पुढे, बजेट आठ नऊ लाख. (धायरी)

उत्तर: दोन्ही आपल्या पुण्याच्या गाड्या, एक टाटाच्या प्लांटातली आणि एक चाकणची, त्यामुळे एक फायदा असा की नाना पेठेपासून भोसरीपर्यंत दोन्हींचं काम येणारे फिटर आहेत.

हेक्सा २०१७ ला आली, २०२० ला बीएस सिक्सबरोबर बंद झाली. ती चासीवर बांधलेली, जड, २.२ लिटरचं व्हॅरिकॉर ४०० इंजिन, १५६ पीएस आणि ४०० एनएम. मुळात मागची चाकं ओढणारी, गरज पडली की पुढे ताकद पाठवणारी. फोर बाय फोर फक्त मॅन्युअलमध्ये मिळायची, म्हणून कुणी ऑटोमॅटिक फोर बाय फोर हेक्सा विकतोय म्हणाला तर आधी आरसी बघा. तिची आधीची बहीण आरिया, २०१० ची, ती तर वॅगनच होती खरं म्हणजे, आणि आजही मला वाटतं की लोकांनी तिला न्याय दिला नाही. एक्सयूव्ही ५०० ही २०११ ची, मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली बॉडी, पुढची चाकं ओढणारी, हलकी, वळणावर चांगली, पण खराब रस्त्यावर सात माणसं घालून रोज चालवलेली असेल तर सस्पेन्शनचे बुश, लिंक, स्टिअरिंग रॅक यांचा खर्च धरूनच चालायचं.

पानशेतच्या पुढचा रस्ता आणि सात माणसं असं असेल तर माझं मत हेक्साला. पण नीट सांभाळलेली एक्सयूव्ही ही हेळसांड झालेल्या हेक्सापेक्षा कधीही चांगली. बघताना तीन कामं करा. जॉब कार्डांची फाईल मागा, त्यात डिफ ऑइल हा शब्द शोधा, एकदाही नसेल तर ते आणि ट्रान्सफर केसचं (पुढे मागे ताकद वाटणाऱ्या पेटीचं) ऑइल बदलायचा खर्च भावातून कमी करा. दुसरं, ६० ते ८० च्या स्पीडला खिडक्या बंद करून, एसी आणि गाणी बंद करून मागून हूं असा आवाज येतोय का ऐका, ॲक्सिलेटर सोडल्यावर आवाज बदलला तर क्राउन पिनियन, म्हणजे डिफमधले गिअर, बोलतंय. तिसरं, रॅम्पवर घेऊन प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट हाताने हलवून बघा आणि ऑइल सीलपाशी चिखल चिकटलाय का बघा, चिखल तिथेच चिकटतो जिथे ऑइल गळतं. खाली अंडरबॉडी पाण्याने धुऊन चकचकीत करून ठेवली असेल तर ती दोन दिवस चालवल्यावर पुन्हा बघायला मागा.

वापरलेल्या गाड्यांचे किलोमीटर अनेकदा मागे फिरवलेले असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची कड आणि स्टिअरिंगची गुळगुळीत जागा मागे फिरवता येत नाही.

प्रश्न: फोर बाय फोर आहे तर गुहागर, दिवेआगरच्या बीचवर घातली तर काय होतं? (हडपसर)

उत्तर: नका घालू. बीचवर गाडी नेणं बहुतेक ठिकाणी मना आहे, माणसांना आणि कासवांच्या अंड्यांना धोका असतो हे पहिलं. गाडीचं बोलायचं तर ओल्या वाळूत रुतल्यावर या फॅमिली गाड्यांची कपलिंग काही मिनिटांत तापून स्वतःला बंद करते, आणि मग भरती यायला लागते. खारं पाणी ब्रेक, वायरिंगचे सॉकेट आणि डिफच्या ब्रीदरमधून आत गेलं की नुकसान सहा महिन्यांनी दिसतं. चुकून पाण्यात गेलीच असेल तर गोड्या पाण्याने खालून भरपूर धुवा आणि डिफचं ऑइल काढून बघा, दुधाळ असेल तर पाणी गेलंय, लगेच बदला.

प्रश्न: ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी बंद पडल्यावर क्रेनवाला पुढची चाकं उचलून नेतो, चालतं का? (पिंपळे सौदागर)

उत्तर: नाही. मागची चाकं जमिनीवर फिरली की शाफ्टमधून पुढे सगळं फिरवायला लागतात, आणि पुढचं अडकलेलं असतं. फ्लॅटबेडच मागवा, चारही चाकं वर. इन्शुरन्सची रोडसाइड मदत मागवताना फोनवरच गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे असं सांगा, नाहीतर जवळ असेल ती क्रेन पाठवतात.

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची २००५ ची शेव्हरले फॉरेस्टर आहे. घरचे सगळे म्हणतात भंगारात द्या, कंपनी गेली, पार्ट नाहीत. मला द्यायची नाही. रस्त्यावर ठेवता येईल का? (औंध)

उत्तर: येईल, आणि ठेवा. ही गाडी काय आहे ते घरच्यांनाही सांगा. नाव शेव्हरलेचं असलं तरी ती पूर्ण सुबारू फॉरेस्टर आहे, जपानहून आलेली. १९९९ मध्ये जनरल मोटर्सने सुबारूच्या मूळ कंपनीत, फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये २० टक्के हिस्सा घेतला होता, त्या नात्याने ती आपल्याकडे शेव्हरलेचा बिल्ला लावून आली. २००५ मध्येच जीएमने तो हिस्सा विकला आणि नातं संपलं. नंतर जीएमचा तळेगावचा प्लांट आला, २०१७ च्या शेवटी त्यांनी भारतात गाड्या विकणं थांबवलं, आता तो प्लांट ह्युंदाईकडे आहे. पण तुमच्या गाडीचे महत्त्वाचे भाग तळेगावात कधी बनलेच नव्हते, त्यामुळे कंपनी गेल्याने तुमचं फार बिघडलेलं नाही. हे २ लिटरचं बॉक्सर इंजिन सुबारूने जगभर अनेक वर्षं अनेक गाड्यांत वापरलं, त्यामुळे टायमिंग बेल्ट किट, वॉटर पंप, गॅस्केट, क्लच हे दुबई, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडमधून मिळतं. इंजिन नंबर आणि चासी नंबर देऊन सुबारूचा पार्ट नंबर काढा, शेव्हरले नावाने शोधलंत तर हाती काही लागणार नाही. काचा, दिवे, बंपर हे मात्र दुर्मिळ, दिसला की घेऊन ठेवा.

यात मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मधे व्हिस्कस कपलिंगचं (घट्ट द्रवाने चालणाऱ्या कपलिंगचं) सेंटर डिफरन्शियल आहे, ताकद निम्मी पुढे निम्मी मागे, कायम. इलेक्ट्रॉनिक्स आजच्या मानाने फारच कमी, म्हणून वीस वर्षांनीही दुरुस्त करता येते, आणि या कारणाने मला ती आजच्या कितीतरी गाड्यांपेक्षा जास्त टिकाऊ वाटते. फक्त टायर चारही सारखे, याला पर्याय नाही, व्हिस्कस कपलिंग आतलं घट्ट झालं की वळताना गाडी ओढल्यासारखी होते.

कागदांचं बघा. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण पाच पाच वर्षांसाठी होतं, त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, पीयूसी, इन्शुरन्स आणि ग्रीन टॅक्स भरलेला लागतो. आरसीवर इम्पोर्टेड अशी नोंद आहे का ते आधी बघा, कारण इम्पोर्टेड गाडीच्या नूतनीकरणाची फी साध्या गाडीपेक्षा खूप जास्त असते, ते ऐन वेळी खिडकीवर कळायला नको. मुदत संपण्याआधी अर्ज करा, उशीर झाला की दंड वाढत जातो.

पेट्रोलचं पण आहे. आता पंपावर ई ट्वेंटी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि तुमच्या गाडीतले रबरी पाइप त्या काळचे आहेत. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे फ्युएल होज नवीन इथेनॉल चालणारे टाकून घ्या, खर्च मोठा नाही. महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नका, आठवड्यातून एकदा पाषाण सूसकडे एक चक्कर मारून आणा. आणि सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, तो कधी बदललाय हे कागदावर सापडत नसेल तर गाडी चालू करण्याआधी बदला, तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आत लिहून ठेवा म्हणजे पुढच्या फिटरला विचारायला लागणार नाही.